मानवी हक्क, राष्ट्रीय कायदा आणि श्रावकाचे व्रत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, याबद्दल सर्व आजी-माजी विश्वस्तांचे व कार्यकर्त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. मंदिर उभारणे कठीण असतेच. परंतु पन्नास वर्षे त्याचा हिशेब चोख ठेवणे, वसतिगृहातील मुलांना दोन वेळचे जेवण वेळेवर घालणे आणि पर्युषण पर्वात सर्वांना एका मंडपाखाली आणणे, हे त्याहूनही कठीण. ते कार्य ज्यांनी नाव न लावता केले, त्यांतील कित्येक आज आपल्यात नाहीत. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी विषयाकडे वळतो.

'मानवी हक्क व त्यांचे कायद्याने होणारे संरक्षण' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा घरातील मंडळींनी विचारले, धर्मसंस्थेच्या उत्सवात हा कोर्टातला विषय कशाला? प्रश्न रास्त होता. मानवी हक्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातील परिषदा किंवा वर्तमानपत्रातील मोर्चे येतात. चाळीसहून अधिक वर्षे वकिली केल्यानंतर माझे मत मात्र वेगळे झाले आहे. हा विषय न्यायालयात शेवटी पोहोचतो. त्याचा आरंभ आपल्या घरात, दुकानात आणि मंदिराच्या कचेरीतच होतो. हे मत मला ग्रंथांतून मिळालेले नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीतून मिळालेले आहे. ती चूक मी आज आपल्यासमोर सांगणार आहे. तत्पूर्वी थोडा इतिहास पाहू.

दुसऱ्या महायुद्धातील संहारानंतर जगातील राष्ट्रे एकत्र आली आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्यात तीस कलमे आहेत. या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमावर एका भारतीय स्त्रीची मुद्रा उमटलेली आहे. मूळ मसुद्यात 'ऑल मेन', म्हणजे 'सर्व पुरुष' असाही ज्याचा अर्थ होऊ शकेल, असे शब्द होते. हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरला आणि तेथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज', म्हणजे 'सर्व मानव', असे शब्द आले. याच हंसाबेन आपल्या संविधान सभेच्याही सदस्य होत्या.

त्याच सुमारास दिल्लीत संविधान सभेचे काम चालू होते. जाहीरनामा स्वीकारला जाण्याच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबर १९४८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितले की, संविधानातील सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते असे कोणी विचारले, तर ते मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार देणाऱ्या कलमाचे नाव घेतील. ते कलम संविधानाचा आत्मा आणि हृदय होय. आजचे अनुच्छेद ३२ ते हेच. हे दोन लागोपाठचे दिवस मला फार अर्थपूर्ण वाटतात. पॅरिसमध्ये जगाने हक्कांची घोषणा केली. दिल्लीत आपण ते हक्क मिळविण्याचा दरवाजा कोठे असेल, हे ठरविले. ज्या हक्काला दाद मागण्याचे ठिकाण नाही, तो हक्क म्हणजे केवळ सदिच्छा होय.

संविधानाच्या तिसऱ्या भागात हे हक्क आहेत. त्यांतील शब्दयोजना लक्षपूर्वक पाहावी. भाषणस्वातंत्र्यासारखे अनुच्छेद १९ मधील हक्क नागरिकांना आहेत. परंतु अनुच्छेद १४ मधील कायद्यापुढील समानता आणि अनुच्छेद २१ मधील जीविताचा व व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. ती व्यक्ती श्रीमंत की गरीब, सज्जन की संशयित, येथील की परकी, असा भेद तेथे नाही. सर्व जीवांच्या ठिकाणी समभाव ठेवावा, असे ज्यांना बालपणापासून शिकविले गेले, त्यांना ही भाषा अपरिचित वाटू नये. नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सजविलेल्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीत भगवान महावीरांचे ध्यानस्थ चित्र आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. मात्र ज्या ग्रंथात ते चित्र आहे, त्या ग्रंथातील अक्षरांशी आपला संबंध किती, हेही स्वतःस विचारले पाहिजे.

समाज म्हणून आपण या हक्कांचा लाभ घेतलेला आहे. बहुतेक विश्वस्तांना ठाऊक नसेल की, भारतातील धार्मिक न्यासांच्या हक्कांविषयीचा एक पायाभूत निर्णय एका जैन मंदिराच्या वहिवाटदारामुळे लागलेला आहे. तत्कालीन मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात वेजलपूर येथे श्वेतांबर जैन मंदिर होते. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा आला, तेव्हा त्या मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्यास आव्हान दिले. उच्च न्यायालयात यश आले नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ मार्च १९५४ रोजी न्या. बी. के. मुखर्जी यांनी निर्णय दिला. धर्माचे आचरण आणि न्यासाच्या मालमत्तेची व्यवस्था यांत न्यायालयाने भेद केला. हिशेब तपासणे, नोंदणी करणे, त्यासाठी वर्गणी घेणे हे शासन करू शकेल. परंतु धार्मिक न्यासाच्या विश्वस्तपदी धर्मादाय आयुक्तालाच बसविणे किंवा धर्मकार्यासाठी ठेवलेला पैसा दात्याच्या हेतूविरुद्ध अन्य कामाकडे वळविणे, यांस मुभा देणाऱ्या तरतुदी न्यायालयाने रद्द ठरविल्या. आज आपल्या संस्थेतील देवद्रव्य ज्या निर्धास्तपणे धर्मकार्यासाठीच राहते, त्यामागे हा निर्णय उभा आहे.

पुढे २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियम, १९९२ अन्वये जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यास आत्महत्येच्या पंक्तीत बसविले, तेव्हा देशभर समाज मौन मोर्च्यांनी रस्त्यावर आला, आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. म्हणजे आपल्या श्रद्धेस, आपल्या मालमत्तेस, आपल्या शिक्षणसंस्थेस बाधा येते असे वाटले, तेव्हा आपण संविधानाकडे धाव घेतली, आणि संविधानाने आपल्याला ऐकून घेतले.

आता मी जे सांगणार आहे, ते याच्या दुसऱ्या बाजूचे आहे. आपल्या हक्कांसाठी आपण जागे असतो. आपल्या हाताखालील माणसाच्या हक्कांबाबत आपण किती जागे असतो?

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच वकिली सुरू केली होती. एका तालुक्याच्या गावच्या मंदिराचे विश्वस्त मला कायद्याच्या कामासाठी बोलावीत. गाव कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. एके दिवशी सकाळी गाभाऱ्यातील चांदीचे छत्र जागेवर नसल्याचे आढळले. तातडीने बैठक झाली. मंदिराची झाडलोट करणारा, पूजेची भांडी घासणारा एक सेवक होता. तो जैन नव्हता. बारा-तेरा वर्षे काम करीत होता आणि किल्ली त्याच्याकडे असे. एवढ्यावरून सर्वांचा संशय त्याच्यावर गेला. फिर्यादीचा मजकूर मी लिहिला. 'आमचा संशय अमुक इसमावर आहे' हे वाक्य माझ्या अक्षरातले आहे.

शुक्रवारी संध्याकाळी पोलिसांनी त्याला नेले. शनिवारी सकाळी त्याची पत्नी कडेवर मूल घेऊन माझ्या दाराशी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. तिने विचारले, "वकीलसाहेब, त्यास्नी नेलंय कुठं? भाकरी तरी पोचवू देतील का?" अनुच्छेद २२ मला पाठ होता. अटक झालेल्या माणसास अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाशी बोलू दिले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. मी तिला म्हणालो, "चौकशी चालू आहे, सोडतील." आणि आत गेलो.

मंगळवारी त्याला सोडले. दंडाधिकाऱ्यापुढे त्याला उभे केलेच नव्हते. अटक दप्तरात दाखविलेलीच नव्हती. त्याने चोरी कबूल केली होती आणि छत्र कोणाला विकले, तेही सांगितले होते. परंतु त्या ठिकाणी काही मिळाले नाही. आठवड्याभराने आमच्यातीलच एक गृहस्थ शिखरजीची यात्रा करून परतले. त्यांनी सांगितले की, उत्सवापूर्वी छत्राचा डाग काढण्यासाठी त्यांनीच ते कारागिराकडे दिले होते. घाईत नोंदवहीत लिहायचे राहून गेले. छत्र कारागिराच्या कपाटात सुखरूप होते.

बंधू-भगिनींनो, जी चोरी झालीच नव्हती, तिची कबुली त्या माणसाने दिली होती. कशामुळे दिली असेल, याचा विचार आपणच करावा. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे नंतर नीट मिटेनाशी झाली. विश्वस्तांनी त्याला दोन महिन्यांचा पगार देऊ केला. त्याने तो घेतला नाही आणि कामावरही आला नाही. बैठकीच्या इतिवृत्तात 'छत्र सापडले, विषय संपला' एवढीच नोंद झाली.

त्यानंतर मला एक जुनी हकीकत नव्याने कळली. ती आपल्या सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्याकडे आपण या अंगाने पाहत नाही. कुंभोजला जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांचे रयत शिक्षण संस्थेचे कार्य १९१९ पासूनचे. त्याच्या आधी, १९१४ च्या सुमारास, कोल्हापुरात 'डांबर प्रकरण' गाजले होते. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून तरुण भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांना कोठडीत ठेवले गेले, त्यांचा छळ झाला. तो इतका की जीव नकोसा व्हावा. तरी त्यांनी खोटी साक्ष दिली नाही. आपण या प्रसंगातून त्यांचे सत्यव्रत शिकवितो, ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या हातांनी पुढे लक्षावधी मुलांना शाळेची वाट दाखविली, ते हात एके काळी एका संशयित कैद्याचे हात होते. त्या वेळी मूलभूत हक्क नव्हते, अनुच्छेद २१ नव्हता. कर्मवीरांच्या ठिकाणी असामान्य धैर्य होते म्हणून ते टिकले. आमच्या मंदिरातील सेवक सामान्य माणूस होता. त्याच्या काळी सर्व हक्क कागदावर होते, आणि तो टिकू शकला नाही. कायदा असतो तो अशा सामान्य माणसासाठी. वीरपुरुषावाचून ज्याला चालत नाही, त्या संरक्षणाला संरक्षण म्हणता येत नाही.

या बाबतीत आपला राष्ट्रीय कायदा काय सांगतो, ते आता थोडक्यात पाहू. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे अनुच्छेद २०(३) सांगतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. ब्रिटिश काळापासूनचा हा नियम भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही कायम आहे. कबुली मिळविण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० अन्वये सात वर्षांपर्यंतच्या, आणि दुखापत गंभीर असल्यास दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे.

न्यायालयांनी यात वेळोवेळी भर घातली. मुंबईच्या कोठड्यांत स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबाबत पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. १९८३ साली न्यायालयाने त्या पत्रावरून आदेश दिले की, स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात, तेथे स्त्री पोलिसांचाच पहारा असावा आणि अटकेची माहिती विधी साहाय्य समितीस तात्काळ कळवावी. ओरिसातील एका मातेचा बावीस वर्षांचा मुलगा १९८७ साली पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू पावला व त्याचा देह रेल्वेमार्गावर सापडला. त्या मातेने, निलाबती बेहेरा यांनी, न्यायालयास पत्र लिहिले. १९९३ साली न्यायालयाने राज्य शासनास दीड लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि मूलभूत हक्काचा भंग झाल्यास शासन भरपाईस बांधील आहे, हे तत्त्व पक्के केले.

१८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा बंधने घालून दिली. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेचा लेखी पंचनामा जागेवरच करावा, त्यावर कुटुंबातील अथवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून स्वाक्षरी घ्यावी. नातेवाईक किंवा मित्राला अटकेची व ठिकाणाची माहिती द्यावी. अंगावरील जखमांची नोंद करावी आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. चौकशीच्या वेळी वकिलास भेटू द्यावे. हे नियम पुढे कायद्यात आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्यांचा गाभा आहे. या यादीतील 'परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती' हे शब्द ध्यानात घ्यावेत. गावात प्रतिष्ठित व्यक्ती म्हणजे कोण? बहुधा आपणच. कायद्याने गरिबाच्या अटकेचा साक्षीदार होण्याचे काम आपल्यावर सोपविले आहे.

१९९३ साली मानवी हक्क संरक्षण अधिनियम आला आणि १२ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. आपल्या राज्याचा आयोग मुंबईत आहे. जीवित, स्वातंत्र्य, समानता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांविषयीचे, संविधानाने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत समाविष्ट असलेले आणि भारतीय न्यायालयांत अंमलात आणता येणारे हक्क, अशी मानवी हक्कांची व्याख्या या कायद्यात आहे. आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. आयोग साक्षीदार बोलावू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो. परंतु अखेरीस तो शासनास शिफारस करतो, हुकूम देत नाही, ही त्याची मर्यादा आहे. हुकूम हवा असेल तर उच्च न्यायालयाकडे अनुच्छेद २२६ अन्वये जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील माणसाला आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या दाराशी उभ्या असलेल्या त्या स्त्रीला मुंबई हे अंतर नव्हते, ते अशक्यच होते.

कायद्यात उणिवा नाहीत, असे मी म्हणणार नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली स्वाक्षरी केली. अनुसमर्थन मात्र केलेले नाही. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० साली लोकसभेत संमत झाले, पण त्याचा कायदा झाला नाही. आणि कायदा असूनही तो डळमळू शकतो, हे आपण आणीबाणीत पाहिले आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटले की, त्या स्थितीत बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना सरन्यायाधीशपद नाकारले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. नंतर चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ ची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, असे ठरले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरवून मोडीत काढला. त्याला एक्केचाळीस वर्षे लागली. एका न्यायमूर्तीने वेळेवर सत्य सांगितले होते, म्हणूनच पुढच्यांना परतीची वाट सापडली.

येथे कोणी विचारील, चोराला कसले हक्क? मंदिरात चोऱ्या होतात, पुरातन मूर्तीदेखील पळविल्या जातात, हे खरे आहे. पोलिसांनी तपास केलाच पाहिजे, दोषीला शिक्षा झालीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, तो चोर आहे हे ठरविणार कोण आणि केव्हा? आमच्या प्रकरणात चोरच नव्हता. आपला अनेकान्त सांगतो की, एका बाजूने दिसलेले सत्य पूर्ण नसते. दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निर्णय करू नये, हे न्यायशास्त्राचे मूलतत्त्व त्याहून निराळे नाही. आमच्या बैठकीत त्या सेवकाला बोलावून एक प्रश्न विचारावा, एवढेही कोणाला सुचले नाही. नोंदवही कोणी कोणी हाताळली, हे विचारले असते तर सारे टळले असते.

आता धर्माकडे येतो. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण सारे जाणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयवास इजा करणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. बहुधा आपण हे बैलगाडीच्या बैलापुरते समजतो. बैलाला जास्त ओझे घालू नये, गाईचा चारा तोडू नये, असे मुलांना सांगतो. परंतु हेच पाच शब्द घेऊन एखाद्या कोठडीच्या दाराशी उभे राहावे. अकारण डांबणे, मारहाण, अंगास इजा, असह्य भार, उपाशी ठेवणे: न्यायालयांनी ज्या ज्या गोष्टींस मनाई केली, त्या आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या व्रताला लागणारे डाग म्हणून शतकानुशतकांपूर्वी मोजून ठेवल्या होत्या. त्या शनिवारी त्या स्त्रीने मला भाकरीविषयी विचारले, तेव्हा ती मला पाचवा अतिचारच विचारीत होती. त्याच आठवड्यात चतुर्दशीला मी प्रतिक्रमणात तो शब्द उच्चारला. माझ्या मनात तिचा चेहरा आला नाही.

आपण म्हणू, मारले पोलिसांनी, आम्ही नाही. पण कृत, कारित आणि अनुमोदित, स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि केल्यास संमती दिलेले, या तिन्ही वाटांनी कर्म बांधले जाते, असे आपले शास्त्र सांगते. त्या कोठडीत माझा हात नव्हता. माझे अक्षर होते आणि माझे मौन होते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने चार गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे. मंदिरासाठी नवे कलश जरूर चढवावेत. या गोष्टींना त्याहून कमी खर्च येईल.

पहिली गोष्ट, संस्थेच्या जंगम वस्तूंची नोंदवही अशी ठेवावी की, विश्वस्त असो वा सेवक, सहीशिवाय एकही वस्तू बाहेर जाणार नाही. दुसरी, संस्थेतील प्रत्येक सेवकाला, पुजाऱ्याला, स्वयंपाकघरातील बायकांना लेखी नेमणूकपत्र आणि कायद्याने ठरलेले वेतन मिळावे. तिसरी, एक ठराव करावा की, कोणाही सेवकाविरुद्ध फिर्याद देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले जाईल. फिर्याद द्यावीच लागली, तर त्याच दिवशी त्याच्या घरी कळविले जाईल, त्याला वकील मिळाला की नाही हे पाहिले जाईल आणि चोवीस तासांनंतर आपल्यापैकी एक जण पोलीस ठाण्यात जाऊन विचारील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मंदिराच्या सूचनाफलकावर लावावा. चौथी, जामीन मंजूर होऊनही जामीनदार किंवा थोडी रक्कम नसल्यामुळे तुरुंगात राहिलेल्या गरीब कच्च्या कैद्यांसाठी दानपेटीतून एक छोटा निधी वेगळा काढावा. संस्थेच्या उद्देशांत ते बसत नसेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या मार्गाने ते बसवून घ्यावे. आपण पिंजऱ्यातील पक्षी सोडवितो, खाटकाच्या दारातून जीव सोडवून पांजरपोळात आणतो. अभयदानाच्या त्या परंपरेत माणूसही बसावा.

पुढच्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी त्या सेवकाच्या वस्तीवर गेलो होतो. घराला कुलूप होते. कुटुंब कामाच्या शोधात इचलकरंजीकडे गेल्याचे शेजाऱ्याने सांगितले. नंतर त्यांचा पत्ता लागला नाही. दरवर्षी आपण एकमेकांना 'क्षमा असावी' म्हणतो. ज्यांच्याकडून क्षमा येईल हे ठाऊक असते, त्यांच्याकडेच बहुधा ती मागतो. ज्याच्याकडे ती मागायला हवी होती, तो माणूस मला सापडला नाही. म्हणून ती क्षमा मी आज या सभेसमोर मागतो, आणि संस्थेच्या इतिवृत्तात 'विषय संपला' ही नोंद पुन्हा कधी अशा रीतीने होऊ नये, एवढी प्रार्थना करतो.